डोंगराचं नाव सांग

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना बाराही महिने छत्री लागायची. मोखाड्याच्या पावसात छत्रीचा खरं तर काही उपयोग नाही. इथला पाऊस आडवा येतो आणि छत्री धरणाऱ्याला आधी भिजवतो. सर त्या पावसातही छत्री उघडून यायचे आणि माघातल्या कोरड्या ठणठणीत सकाळीही उघडूनच यायचे. छत्रीची त्यांच्या डाव्या हाताकडची एक काडी मोडलेली होती, तेवढं कापड बकरीच्या कानासारखं लोंबत असे.

"मोखाड्याच्या बाजारात छत्र्या दुरुस्त करणारा बसतो," असं मी त्यांना एकदा सुचवलं.

"दुरुस्त केली तर ओळखायची कशी?"

"अहो सर, या चढावर उघडी छत्री घेऊन चालणारा दुसरा आहे कोण?"

त्यांनी चालता चालता विचार केला. "अजून तरी कोणी नाही," म्हणाले आणि विषय संपला.

शाळा म्हणजे आश्रमशाळा, पोशेऱ्याच्या पुढं, माळावर. जीप खाली फाट्यावर सोडते, तिथून पायी चढ. सर मोखाड्यात भाड्याच्या खोलीत एकटे राहायचे आणि रोज सकाळी जीपला मागं लटकून यायचे. चढावर छत्री दिसली की शाळेची स्वयंपाकीण भागी मावशी स्वयंपाकघराच्या दारातून ती बघायची आणि चहाचं आधण ठेवायची. सर वर पोचायला आणि चहाला उकळी यायला बरोबर गाठ पडे. माझ्यासाठी असं आधण कधी कोणी ठेवलं नाही. मी गणित शिकवायचे.

सर मूळचे सांगलीकडचे. इथं आल्यावर पहिल्याच तासाला त्यांनी सातवीला सांगितलं, "आवडीचं निसर्गचित्र काढा." पोरांनी काढलं. कुठलंही शाळकरी पोर काढतं तेच: दोन डोंगर, मधून अर्धा सूर्य, खाली नदी, नदीकाठी कौलारू घर, घराला टेकून नारळाचं झाड आणि आभाळात आडव्या तीनसारखे पक्षी.

सरांनी पहिला कागद उचलला. "हा डोंगर कुठला?"

"असाच, सर."

"असाच डोंगर नसतो. डोंगराचं नाव सांग."

पोरगं कागदाकडं बघायला लागलं.

"बरं, नारळ कोणी लावलाय?"

"कोनी नाय. चित्रातला हाय."

"घरात कोण राहतं?"

"कोनीच नाय, सर."

"दार उघडं टाकून गेलेत," सर म्हणाले आणि कागद परत दिला.

अख्ख्या वर्गाचे कागद परत गेले. मग सरांनी वर्ग बाहेर माळावर उभा केला. बाहेर डोंगरांना तोटा नाही आणि त्यातला एकही त्रिकोणी नाही. पोरांना प्रत्येकाचं नाव ठाऊक होतं. कोणत्या उतारावर कोणाची नागली, करवंदं कुठल्या अंगाला जास्त, कुणाची आजी कुठं घसरली होती, सगळं धडाधड सांगायला लागली. "मग हेच काढा की," सर म्हणाले. त्यावर एक पोरगी म्हणाली, "हे काय काढायचा सर? हे तं हायेच."

तेव्हापासून नियम झाला. काढायचं ते कुणाचं तरी असलं पाहिजे. कोंबडी काढलीस तर कुणाची, घागर काढलीस तर कुणाच्या ओट्यावरची. देव काढायला बंदी, कारण "पाहिलायस का?" आणि 'समजा' हा शब्द त्यांच्या वर्गात चालतच नसे. "सर, समजा एक गाव हाय..." असं कोणी सुरू केलं की सर लगेच म्हणत, "समजू नको. गाव सांग."

आता माझं काय व्हायचं? माझा सगळा संसारच 'समजा'वर. समजा एका टाकीला दोन नळ आहेत. समजा क्ष ही एक संख्या आहे. सरांच्या तासाला लागून माझा तास असला की माझे हाल कुत्रा खात नसे. मी म्हणायचे, "समजा, रामूनं काही आंबे विकले..." की मागच्या बाकावरून आवाज, "कोनता रामू, बाई? धाकल्या पाड्याचा? तेचेकडं आंबाच नाय." एकदा मी तणतणत शिक्षकखोलीत गेले आणि सरांना म्हटलं, "तुमच्यापायी माझा क्ष बुडाला." सर डब्यातली भाजी पोळीत गुंडाळत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "क्ष कुणाचा?" मी माझा डबा उचलला आणि व्हरांड्यात जाऊन जेवले.

या नियमाचे परिणाम शाळेबाहेरही व्हायला लागले. एका पोरानं कोंबडा काढला, खाली लिहिलं 'आमचे घरचा कोंबडा', आणि सरांनी तो व्हरांड्यात टांगला. पालकांच्या सभेला आलेली एक आजी त्या चित्रापुढं थबकली. लाल कोंबडा, शेपटीत एकच पीस पांढरं. "ह्यो तं माझा! होळीपासून शोधते मी याला!" पोराच्या बापाची आणि आजीची तिथंच जुंपली, सभा राहिली बाजूला. शेवटी कोंबडा आजीकडं गेला. हेडसरांनी सरांना बोलावून खडसावलं, तर सर म्हणाले, "कोंबडा ओळखला गेला, साहेब. चित्राला याहून काय पाहिजे?" त्यांनी पोराला पैकीच्या पैकी गुण दिले. हेडसरांनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लिहिली, की यापुढे शाळेत कोंबडे काढू नयेत.

सर स्वतः मात्र कधी काही काढत नसत. पोरांच्या चित्रात बोटानं दाखवत, पण रेघ ओढत नसत. मला ते खटकायचं. गणिताच्या बाईनं गणित सोडवलं नाही तर चालेल का? एकदा विचारलंच. सर म्हणाले, "काढायचं ते कुणाचं तरी पाहिजे ना. माझ्याकडं तसं कोणी नाही." हे त्यांनी 'आज भाजीत मीठ नाही' म्हणतात त्या आवाजात सांगितलं. मी त्यांना माझ्या डब्यातलं लोणचं दिलं.

भागी मावशीची धाकटी पोरगी सोनी तेव्हा आठवीत होती. स्वयंपाकघराच्या मागं यांची झोपडी, कारवीच्या कुडाची, शेणानं सारवलेली. सरांनी आठवीला 'घरातलं एक माणूस' काढायला सांगितलं तेव्हा सोनीनं बाप काढला, तोही पाठमोरा. डावा खांदा उतरलेला, मानेवर केसांचा भोवरा, उजव्या टाचेला भेग आणि डोक्यावर गाठोडं. वर्ग हसला. सरांनी विचारलं, "तोंड का नाही काढलंस?"

"बा दिवाळी झाली का जगाया जातो, सर. मी उठते तवा तो वाटंला लागलेला असतो. मना पाठच दिसते."

वीटभट्टीवर, वाळूवर, कुठंही कामाला घर सोडून जाणं, याला इकडं जगायला जाणं म्हणतात. सरांनी तिलाही पैकीच्या पैकी दिले आणि उरलेला तास खिडकीतून बाहेर बघत काढला.

त्याच वर्षी माघात हेडसरांना निरोप आला, मोठे साहेब शुक्रवारी शाळेला भेट देणार. हेडसरांनी सरांना बोलावलं. कार्यालयाची भिंत रंगली पाहिजे, हॉटेलात असते तशी. मधोमध वारली लग्नाचा चौक, भोवती नाच. "नाही झालं तर वर तुमचं नाव कळवीन," असंही सांगितलं. सर म्हणाले, "होईल की. चौकटच तर आहे."

सर चुकले ते इथं. दुसरा कोणी चुकला असता तर मी बोललेही नसते, पण हा माणूस चुकावा याचं मला अजून नवल वाटतं. त्यांनी भिंत गेरूनं सारवून घेतली, पांढरा रंग कालवला, आठवीच्या पोरींना ओळीत बसवलं आणि प्रत्येकीच्या हातात कुंचला दिला. पोरींनी कुंचले खाली ठेवले आणि हात मांडीवर घेतले.

"काय झालं? तुमच्याच घरातलं आहे, काढा."

कोणी हलेना. शेवटी सोनी म्हणाली, "सर, लगीन कोनाचा?"

"लग्न नाही गं. नुसता चौक काढायचाय."

"नुसता चौक नसतो, सर. चौक काढला का देवी येते. ती येल आन बघल, लगीनच नाय. मंग?"

"असू दे. समजा, आहे कुणाचं तरी लग्न."

मी शेजारच्या वर्गात होते. मला ते भिंतीतून ऐकू आलं. सर 'समजा' म्हणाले होते! मी हातातला खडू खाली ठेवला आणि दारात जाऊन उभी राहिले. सर भिंतीसमोर उभे होते आणि पोरी त्यांच्याकडं बघत होत्या. मग सरांनी रंगाचा डबा झाकला.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "चौक कुणाचा ते आधी ठरलं पाहिजे. लग्न बाकी कुणाचं आहे?"

सगळ्या पोरींनी सोनीकडं बघितलं. "हिचे आईचा," त्या म्हणाल्या.

इकडं बाईमाणूस आणि बाप्या आधी एकत्र राहायला लागतात आणि लग्न ऐपत होईल तेव्हा लावतात. पोरं आईबापाच्या लग्नात नाचतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. पण त्यात दोन गोष्टी अडतात. लग्न न लागलेली बाई सवाशीण नाही, आणि चौक सवाशिणीच काढतात, तेव्हा तिनं कोणाच्याही लग्नात मागं उभं राहायचं, पिठात बोट बुडवायचं नाही. दुसरं म्हणजे, आईबापाचं लागल्याशिवाय पोरीचं लागत नाही. भागी मावशीच्या थोरलीचं, सुरेखाचं, जमून बसलं होतं. मुलाकडच्यांनी सांगून ठेवलं होतं, की या उन्हाळ्यापर्यंत थांबू, नाहीतर दुसरी पोरगी बघू. सुरेखा त्या मुलाशिवाय दुसऱ्याचं नाव घेऊ देत नव्हती, आणि तिचा बाप, लखमा, भिवंडीकडं कुठल्याशा भट्टीवर होता. हे सगळं शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. आम्हा शिक्षकांना त्या दिवशी कळलं.

सर थेट स्वयंपाकघरात गेले. मीही मागोमाग गेले, अशा वेळी गणित कोण शिकवतं! भागी मावशी तांदूळ निवडत होती.

"मावशी, शुक्रवारी लग्न करता का?"

तिनं सुपातून मान वर केली. "कोनाशी?"

"लखमाशीच."

"तेला इचारावा लागल," मावशी म्हणाली आणि पुन्हा खडे वेचायला लागली. पण खड्यांऐवजी तांदूळच खाली टाकत होती. मग सूप बाजूला ठेवून तिनं तोंडाला पदर लावला. "सुरेखाचा होल मंग," एवढंच म्हणाली.

हेडसरांनी हे ऐकलं आणि ते खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. "मी भिंत सांगितली होती हो! लग्न कुठून काढलंत?"

"लग्नाशिवाय चौक होत नाही, साहेब. आणि चौक लग्नघरात असतो, कार्यालयात नाही."

"मोठे साहेब झोपडीत जाणार आहेत का?"

"मग चौकाला कुठं पाय आहेत इकडं यायला?"

लखमाचा फोन लागत नव्हता. भट्टीचं नाव कोणाला माहीत नाही, आणि सरांनी माणूस कधी पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी सोनीचं ते चित्र गुंडाळून छत्रीच्या काड्यांत खोचलं आणि निघाले. मी म्हटलं, "अहो, त्यात तोंडच नाही!" सर म्हणाले, "पाठ आहे ना."

पुढची हकिगत लखमानंच सांगितली. सर या भट्टीवरून त्या भट्टीवर जाऊन माणसांच्या पाठी बघत हिंडत होते. काही ठिकाणी लोकांनी हाकलून दिलं. "मी विटा रचीत होतो," लखमा म्हणाला. "मांगून कोनीतरी बोलला, 'हलू नका.' मना वाटला, साप हाय! मी तसाच उभा. मंग बोलला, 'टाच दाखवा.' दाखवली. मंग बोलला, 'आता वळा. शुक्रवारी तुमचं लग्न आहे.'"

"मग तू काय म्हणालास?"

"मी इचारला, कोनाशी?"

मुकादम लखमाला सोडेना. सर भट्टीवरच छत्री उघडून बसले आणि उठेचनात. येणारा जाणारा विचारायला लागला, हा मास्तर इथं का बसलाय? शेवटी मुकादमानं हात जोडले. "ले जाओ मास्टर, अपना आदमी ले जाओ, पर वापस भेजना." गुरुवारी दुपारी चढावर छत्री दिसली आणि छत्रीखाली दोन माणसं. भागी मावशीनं आधण ठेवलं आणि मग तिच्या लक्षात आलं की नवरीनं आज आधण ठेवायचं नसतं. चहा मी केला.

शुक्रवारी पाड्यावरच्या सवाशिणींनी झोपडीच्या कुडावर तांदळाच्या पिठानं चौक काढला, आत देवी बसवली. लग्न लावणारी बाई, तिला धवलेरी म्हणतात, ती गायला लागली. तांदूळ भागी मावशीच्या भावाचा आणि कोंबडा त्या आजीनं आणला. तो चित्रातलाच होता हे मी खात्रीनं सांगते, पांढरं पीस मी पाहिलं. हेडसर परीटघडीच्या कपड्यांत फाटकापाशी मोठ्या साहेबांची वाट बघत उभे होते. कोणीतरी त्यांना ओढून झोपडीत आणलं, हातात दिवा दिला आणि 'हलू नको' म्हणून सांगितलं. त्यांच्या खिशात फोन वाजत राहिला. हात मोकळा नव्हता म्हणून मी काढून घेतला. मोठे साहेब जव्हारवरूनच परत गेले होते, भेट रद्द. मी हे हेडसरांच्या कानात सांगितलं. हेडसर म्हणाले, "हळू बोला बाई, गाणं चाललंय."

कार्यालयाची भिंत गेरू लावून तशीच राहिली. लखमा भट्टीवर परत गेला तेव्हा त्याला वाटेला लावायला अख्खा पाडा उठला होता, म्हणून सोनीही जागी होती. त्यानंतर तिनं बाप पुन्हा काढला, समोरून. सरांनी एक गुण कापला. "नाक बापाचं नाही, तुझं आहे," म्हणाले. मी भांडले त्यांच्याशी. त्यांनी गुण वाढवला नाही.

वैशाखात सुरेखाचं लग्न निघालं. शाळेला सुट्टी होती आणि सर त्याच महिन्यात निवृत्त होऊन सांगलीकडं जायचे होते. ते दुपारी उन्हात चढ चढून आले, छत्री उघडी. झोपडीत शिरले तरी उघडीच, दारात अडकली म्हणून तिरकी करून आत घेतली. कुडावर चौक पुरा होत आला होता. या वेळी पिठात भागी मावशीचं बोट होतं. आयुष्यभर मागं उभी राहिलेली बाई सगळ्या सवाशिणींच्या पुढं बसली होती आणि तिला घाई अजिबात नव्हती.

सरांनी चौक नीट बघितला. चौकटीच्या बाहेर, कोपऱ्यात, एक डोंगर होता आणि त्याच्या चढावर बोटभर उंचीचं एक माणूस. सरांनी सवयीनं बोट ठेवलं.

"हे कोण?"

"वळखा," भागी मावशी म्हणाली. "तुमीच इचारता ना सगळ्यांना."

त्या माणसाच्या डोक्यावर छत्री होती. छत्रीची एक काडी मोडलेली होती आणि तेवढं कापड लोंबत होतं. सरांनी आपल्या छत्रीकडं पाहिलं, पुन्हा भिंतीकडं पाहिलं, आणि वर्गात कागद परत देताना काढायचे तो आवाज काढला.

"मोडकी काडी माझ्या डाव्या हाताला आहे. ही उजवीकडं काढलीय."

भागी मावशीनं पिठाचं बोट वाटीच्या काठाला पुसलं.

"तुमी ती आतून बघता, सर," ती म्हणाली. "आमी तुमाला येताना बघतो."

सरांनी छत्री मिटली. एवढ्या वर्षांत ती मिटलेली मी पहिल्यांदाच पाहिली. ते कुडाकडं तोंड करून उभे राहिले, त्यामुळं मला त्यांची पाठच दिसत होती आणि ती हलत होती. माझेही डोळे भरून आले. गणिताच्या बाईला ते शोभत नाही, पण आले. भागी मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि चहाचं आधण ठेवायला गेली.